चार पटीची दुर्बीण

मोठेबाबांच्या रायफलला दुर्बीण बसवायची होती आणि ती कोणती घ्यावी, हे सांगायला गावातला प्रत्येक जण तयार होता. ती कशासाठी हवी, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी तर विचारण्याचाच पगार घेत होते. गोंदियाला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी बातमीदार होते. कोण, कुठे, केव्हा, कशासाठी, हे प्रश्न रोज परक्या माणसांना घालत असे. घरच्या माणसाला घातले नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, नवेगाव बांधापासून सायकलने तासाभराच्या अंतरावर. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर उभं राहिलं की एका बाजूला प्रतापगडचा डोंगर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला जंगलाला टेकलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. या बांध्यांसाठीच मोठेबाबांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. रायफल सरकारी कारखान्यातली, तीनशेपंधरा बोअरची. दर गोळीमागे हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. परवाना असलेल्या साध्या शेतकऱ्याला परवडेल अशी तेव्हा तेवढीच रायफल होती. तिच्या नळीवर नेम धरायला पुढे एक माशी आणि मागे एक खाच. बाकी काही नाही.

मी सांगते ती गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमारासची. शिकार बंद होऊन तोवर तीसहून जास्त वर्षं झाली होती. रानडुकरं पिकात उतरली तर वनखात्याकडे अर्ज करायचा. लेखी परवानगी आली की ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या शिवारात, परवानाधारकानेच गोळी घालायची आणि दुसऱ्या दिवशी पंचनामा करून घ्यायचा. आमच्या गावात परवानाधारक एकच होते. त्यामुळे डुकरं कुणाच्याही बांधीत उतरली तरी लोक मोठेबाबांच्या अंगणात येऊन उभे राहत.

आदल्या वर्षीच्या कार्तिकात त्यांनी एका डुकरावर गोळी घातली आणि ती पोटात लागली. जनावर ओरडत नाल्याकडे पळालं. दिवस बुडत होता. मोठेबाबा मागावर जायला निघाले, तेव्हा गावातल्या चार शहाण्यांनी त्यांचा हात धरला. त्या चौघांत एक निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, "अहो, मेलं असेल ते. सकाळी बघू." मोठेबाबांनी ऐकलं. सकाळी ते मागावर निघण्याआधीच शेजारच्या बांधीची मालकीण नाल्याकाठी गवत कापायला गेली. बेशरमाच्या झुडपातून ते डुक्कर उठलं आणि त्याने तिची पोटरी हाडापर्यंत फाडली.

ती बौद्ध वस्तीतली. नवरा रायपूरकडे बांधकामावर, दोन बांध्यांची शेती तिच्या एकटीच्या अंगावर. गावच्या नात्याने ती मोठेबाबांना मामाजी म्हणायची, मी तिला वहिनी. ती वाचली, पण पाय कायमचा आखडला. मोठेबाबा दवाखान्यात तिच्या खाटेजवळ उभे राहिले ते तोंड वळवून. तीच बोलली.

"मामाजी, तोंड काऊन लपवता? पाय गेला तो गेला. पुढच्या साली बांधी तरी वाचवा."

त्यांनी तिला शब्द दिला. आणि घरी येऊन स्वतःला दुसरा शब्द दिला, की आता नुसत्या माशीवर नेम धरून गोळी घालायची नाही.

गोळी पोटात का लागली, ते त्यांना कळलं होतं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. नव्या भिंगातून लांबचं लख्ख दिसे, जवळचं पुसट. उघड्या नेमाच्या बंदुकीत तीन गोष्टी एका ओळीत आणाव्या लागतात: जवळची खाच, पुढची माशी आणि लांबचं जनावर. जनावर दिसे तेव्हा माशी विरघळे. "माशी केसाएवढी पाह्यजे," ते म्हणाले, "मले ती बोराएवढी दिसून राहिली." दुर्बिणीत खाचही नसते आणि माशीही नसते. जनावर आणि त्यावरची फुली एकाच ठिकाणी, सारखी स्पष्ट दिसते. त्यांना हवं होतं ते एवढंच. हे वाक्य त्यांनी गावात निदान दहा जणांसमोर म्हटलं. दहाही जणांनी त्यावर दुसरंच काहीतरी सांगितलं.

त्या वर्षी भारी, म्हणजे उशिरा कापणीला येणारं धान चांगलं पोसलं होतं. वहिनीच्या दोन्ही बांध्या ओंब्यांनी वाकल्या होत्या आणि डुकरांची वाट तिच्याच धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, होती. पंधरा दिवसांची परवानगी हाती आली त्या संध्याकाळी गुरुजी अंगणात येऊन बसले. त्यांनी उभ्या आयुष्यात बंदूक चालवली नव्हती.

"घ्यायची तर झूमवाली घ्या," ते म्हणाले. "तीन ते नऊ. हवी तशी फिरवा. नऊ म्हणजे नऊपट मोठं दिसणार."

"गुरुजी, मचाणावरून बांधी साठ पावलं. नऊपट करून डुकराच्या पाठीवरचे केस मोजू का जी?"

"तंत्रज्ञान आहे हे. तुम्ही अजून माशी आणि खाच घेऊन बसलात."

"मले फक्त ते कुठं उभं आहे अन् त्याच्या मागं कोण उभं आहे, एवढं पाहाचं आहे."

"तेच म्हणतो मी. नऊपट दिसेल."

मी तिथेच बसले होते. मला गुरुजींचं पटलं. जास्त ते चांगलं, एवढाच माझा हिशेब होता.

दोन दिवसांनी मी आणि मोठेबाबा मोठ्या शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. परवाना सोबत, रायफल कापडी खोळीत. दुकानदाराने रायफल काउंटरवर आडवी ठेवून घेतली. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर तो म्हणाला की कोणत्या रायफलसाठी हवी हे आम्ही सांगितलंच नाही. ती त्याच्या दोन हातांच्या मधे होती.

त्याने डबा उघडला. आत लांबलचक, चकचकीत, पुढे वाटीएवढी काच असलेली दुर्बीण होती. एक बटण फिरवलं की आतली फुली लाल होई, पुन्हा फिरवलं की हिरवी.

"चाचाजी, तीन से नौ. रात को भी दिखेगा. लाल-हरा दोनों."

मोठेबाबांनी ती हातात तोलली. "जड आहे," ते म्हणाले. "अन् मले लाल-हिरवं नको. साधी, चार पटीची नाही का?"

"चार पावर? वो तो अब कोई लेता नहीं." मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, आप पढ़ी-लिखी हैं. आप समझाइए इनको."

आणि मी समजावलं. म्हणाले, "मोठेबाबा, एकदाच घ्यायची आहे. चांगली घेऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू म्हनतेस तर घेऊ, पोरी. तू शिकलेली आहेस."

शिकलेली होते. पण त्या दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा किती अंतरावर राहिला पाहिजे, हा प्रश्न मला सुचला नाही. ही दुर्बीण कोणत्या बंदुकीचा धक्का सोसते, हाही नाही. दुकानदाराला दोन्हींची उत्तरं माहीत होती. त्याच्या कारागिराने मागच्या खोलीत तासाभरात दुर्बीण बसवून दिली. बिलावर त्याने लिहिलं: खेळाचे साहित्य, एक नग. ते मी घरी आल्यावर वाचलं.

रविवारी सकाळी मोठेबाबांनी रायफल अंगणात खाटेवर काढली. बोल्ट काढून पुसला, नळीतून आरपार पाहिलं, बोल्ट पुन्हा बसवला. रायफल रिकामी होती. ते हात धुवायला मागे गेले, तेवढ्यात अंगण भरलं. गावात एवढी मोठी दुर्बीण कुणी पाहिलेली नव्हती. माझ्याकडे कॅमेरा होता. कॅमेऱ्यातून बघायला लोक जसे रांग लावत, तशीच रांग लागली. फरक एवढाच की दुर्बीण रायफलवर घट्ट बसवलेली होती. तिच्यातून बघायचं तर रायफल खांद्याला लावावी लागे.

आधी प्रतापगडाचा डोंगर पाहून झाला. मग तलावाची पाळ. मग पाळीवरून सायकलने येणारा माणूस कोण, यावर पैज लागली. "थांब ना बा, मले पाहू दे." "अबे, तुझा नंबर झाला." मी ओसरीवर बसून हसत होते. शेवटी रायफल गुरुजींच्या हाती आली. त्यांनी ती बांध्यांच्या दिशेने वळवली आणि झूमचं चाक नऊवर नेलं.

"वा," ते म्हणाले. "ती बघा, धुऱ्यावर वाकून गवत काढते आहे. लंगडी. कानातलं दिसतंय तिच्या. खरं सांगतो, कानातलं."

मोठेबाबा ओल्या हातांनी माझ्या मागे येऊन उभे होते. ते अंगणात उतरले, नळीखाली हात घालून त्यांनी ती आकाशाकडे वर केली आणि रायफल गुरुजींच्या हातातून काढून घेतली. बोल्ट मागे ओढून ठेवला. आवाज चढवला नाही.

"कोनाले पाहून राहिले होते जी?"

"अहो, रिकामी आहे. मी आधी विचारलं या लोकांना."

"मागच्या साली डुक्कर मेलं आहे, असं बी तुम्हीच सांगितलं होतं."

मोठेबाबांनी नळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही जिकडे दुर्बीण फिरवली तिकडे नळी फिरली," मोठेबाबा म्हणाले. "सायकलवाल्याकडे फिरली. आता तिच्याकडे. एकदा माझ्या गोळीनं तिचा पाय गेला. आज तुम्ही तिच्या कानावर फुली ठेवून, कानातलं पाहून राहिले."

गुरुजी उठले. "एवढं काय लावून धरता, मी काय घोडा ओढणार होतो?" असं म्हणत फाटकातून बाहेर पडले. नंतर त्यांनी गावभर सांगितलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे, नवी वस्तू आली की माणसाला गर्व होतो. हे मला चार वेगवेगळ्या तोंडून कळलं, आणि चौघांनीही ते हसत सांगितलं. मला त्या चौघांचा गुरुजींपेक्षा जास्त राग आला. गुरुजींना कळलं नव्हतं. या चौघांनी मोठेबाबांचं बोलणं समोर उभं राहून ऐकलेलं होतं. आणि ओसरीवर बसून हसणारी मी होते, हे त्यातल्या एकानेही सांगितलं नाही. ते मी सांगते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सांगून त्यांनी कोरड्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, उंच पाळीवर कागद लावला. पन्नास पावलं. गोणीवर रायफल टेकवून पहिली गोळी घातली ती कागदाच्या वितभर डावीकडे. दुसरी तिथेच. दुर्बिणीचे खटके फिरवून त्यांनी फुली सरकवली. तिसरी कागदावर आली. चौथ्या गोळीला रायफल मागे उसळली आणि मोठेबाबांनी डोक्याला हात लावला. बोटांतून रक्त येत होतं.

दुर्बिणीची मागची कड भुवईत घुसली होती. जखम ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या बोटभर वर होती. मी पदराने दाबून धरली. त्यांनी दुसऱ्या डोळ्याने दुर्बिणीत पाहिलं आणि म्हणाले, "फुली पडली, पोरी." मी वाकून पाहिलं. फुली तिरपी झाली होती, पतंगाच्या काड्यांसारखी, आणि आत काहीतरी खुळखुळत होतं.

भुवईला चार टाके पडले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असतं तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो.

मी एकटी त्या दुकानात परत गेले. दुर्बीण काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती हलवून पाहिली, खुळखुळ ऐकली आणि म्हणाला, "चाचाजी ने ठीक से पकड़ा नहीं होगा."

"ते चाळीस वर्षं रायफल धरताहेत."

"तो फिर उमर हो गई."

मी विचारलं, ही कोणत्या बंदुकीची दुर्बीण आहे? तो म्हणाला, कोणत्या रायफलसाठी हवी ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. पुन्हा विचारलं. मग त्याने बिलावर बोट ठेवलं. खेळाचे साहित्य, एक नग. छर्ऱ्याच्या बंदुकीची होती. फुगे फोडायच्या, कागदावर नेम लावायच्या बंदुकीची. रायफलचा धक्का तिला सोसणार नाही आणि तिला डोळा अगदी जवळ लावावा लागतो, हे त्याला विकताना माहीत होतं, बसवताना माहीत होतं, बिल लिहिताना तर नक्कीच माहीत होतं. ते बिल त्याने स्वतःच्या बचावासाठी लिहिलं होतं. एका माणसाचा डोळा जाईल तेव्हा दाखवायला कागद तयार ठेवला होता. मी त्याला सांगितलं की मी बातमीदार आहे. तो म्हणाला, "लिखिए ना. बिल भी छापिए." दुर्बीण काउंटरवर तशीच सोडून मी बाहेर आले. बातमी मी लिहिली होती. आमच्या कार्यालयात सांगण्यात आलं की घरच्या माणसाची बातमी आपण देत नाही. नियम बरोबर होता. तरी राग आला.

तोवर परवानगीचे आठ दिवस गेले होते आणि वहिनीची खालची बांधी डुकरांनी लोळून सपाट केली होती.

गोंदियाच्या बाजारात एका बोळात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री बसत. परवाना भिंतीवर टांगलेला, दुकान दोन खाटांएवढं. माझ्या कार्यालयाचा रस्ता तिथूनच जाई. तीन वर्षं मी त्यांच्या दारावरून गेले होते आणि एकदाही आत डोकावले नव्हते. मोठेबाबा टाके घातलेली भुवई घेऊन माझ्यासोबत आले. मिस्त्रींनी आधी भुवई पाहिली, मग रायफल.

"किसने लगाई थी?" मग स्वतःच म्हणाले, "रहने दो. नाम मत बताओ."

त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. काय बघायचं आहे? किती लांबून? कोणत्या वेळी? मोठेबाबांनी तीनही उत्तरं दिली: डुक्कर आणि त्याच्या मागचं सगळं, साठ पावलं, दिवस बुडताना. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. माझ्या धंद्याचे प्रश्न एक मिस्त्री विचारत होता.

मग त्यांनी मोठेबाबांना रिकामी रायफल दिली आणि म्हणाले, "आँख बंद करो. जैसे आदत है वैसे कंधे पे लो. अब खोलो." मोठेबाबांनी डोळे उघडले तेव्हा मिस्त्रींनी रायफलवर खडूने एक रेघ मारली. "आपकी आँख यहाँ आती है. दूरबीन आँख के पास आएगी, आँख दूरबीन के पास नहीं जाएगी." त्यांनी आपली चार बोटं मिटून रेघेपासून पुढे धरली. एवढं अंतर हवं. आमच्या त्या चकचकीत दुर्बिणीला दोन बोटंसुद्धा नव्हती.

लाकडी पेटीतून त्यांनी एक दुर्बीण काढली. बारीक, काळी, जुनी, रंग कडांना उडालेला. झूम नाही, दिवा नाही. चार पट, कायमची. एका गिऱ्हाइकाने रायफल जमा केली तेव्हा काढून ठेवलेली. ते आम्हाला बोळाच्या सर्वांत अंधाऱ्या टोकाला घेऊन गेले आणि झूमवाली आणखी एक दुर्बीण शेजारी धरली. नऊवर कोपऱ्यातला गोणपाटाचा ढीग मोठा दिसला, पण काळा. चार पटीच्या दुर्बिणीत तो लहान दिसला, पण गोणीवरची छापील अक्षरं वाचता आली.

"जितना बड़ा करोगे, उतना उजाला कम," मिस्त्री म्हणाले. "शाम को उजाला चाहिए. बड़ा करके क्या करोगे?"

मोठेबाबा माझ्याकडे पाहून हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

"एक अजून," ते मिस्त्रींना म्हणाले. "हातानं निघाली पाह्यजे. रायफल घरात वेगळी, दुर्बीण पेटीत वेगळी. मचाणावर चढल्यावरच लावीन."

"क्यों? बार-बार निकालोगे तो निशाना थोड़ा हिलेगा."

"साठ पावलांवर हिलला तरी किती हिलन? गावातले लोक दुर्बीण पाहाले मागतात."

मिस्त्रींना कळलं. त्यांनी अंगठ्याने फिरवायच्या दोन स्क्रूंचा, बाजूने बसणारा घोडा, म्हणजे दुर्बीण धरणारी पकड, बनवून दिला, आणि दर वेळी स्क्रू तेवढाच आवळला जावा म्हणून त्यावर पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा केल्या. त्याला चार दिवस लागले. पुन्हा पाळीवर कागद लावून नेम जुळवला, तेव्हा परवानगीचे तीन दिवस उरले होते.

मुदत वाढवून मिळेल का, हे मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारलं होतं. मुदत शिल्लक असताना वाढ देता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग संपल्यावर? संपल्यावर ती वाढ नसते, नवा अर्ज असतो. नव्या अर्जाला किती दिवस लागतील? साहेब दौऱ्यावर आहेत. हे सांगणारा माणूस माझ्याशी अतिशय नम्रपणे बोलत होता. त्याच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली वाघाचं चित्र.

मी तीन दिवसांची रजा टाकली. पहिल्या संध्याकाळी मोठेबाबांसोबत मचाणावर बसले. उजेड पिवळा होता तेव्हाच डुकरं आली, पाच-सहा. मोठेबाबांनी रायफल उचलली, बराच वेळ पाहिलं आणि खाली ठेवली.

"काऊन?" मी कुजबुजले.

"मागं रस्ता आहे. सायकल येऊन राहिली."

मला डुकरांपलीकडे काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळाने खरंच सायकलची घंटा ऐकू आली. डुकरं घंटेने उठली ती परत आली नाहीत.

सकाळी पानठेल्यावर गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोनदा शहराच्या वाऱ्या केल्या, डोकं फोडून घेतलं, आणि शेवटी पाहूनच आले!" लोक हसले. वहिनीही तिथून जात होती. ती थांबली.

"मामाजी, खरं का? पाहूनच आले?"

"हव. पाहून आलो म्हनून गोळी नाही घातली."

ती पाय ओढत पुढे गेली. ती चिडली होती आणि तिला चिडायचा हक्क होता. तिची वरची बांधीही आता एका कडेने गेली होती. बाकीच्यांना कोणता हक्क होता, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी डुकरं आली नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी ती आली तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता. मला धुऱ्याजवळ काळे गोळे दिसत होते, बस. उघड्या नेमाने त्या वेळी कुणालाच काही दिसलं नसतं. मोठेबाबांनी गाल लाकडाला टेकवला.

"पुढं मादी आहे, पिल्लंवाली," ते अगदी हळू म्हणाले. "तिले जाऊ दे. मागं मोठा नर." मग बराच वेळ काही नाही. "तोंड इकडं आहे त्याचं. वळू दे." मी श्वास धरला. "मागं पाळ आहे. माती."

गोळी सुटली. रायफल उसळली, डोळ्याला काही लागलं नाही. काळे गोळे फुटल्यासारखे पांगले. मोठेबाबांनी बोल्ट ओढला, दुसरं काडतूस चढवलं आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून तसेच बसून राहिले. मी उतरायला पाय खाली टाकला तर त्यांनी माझं मनगट धरलं. दहा मिनिटं आम्ही हललो नाही. पूर्ण अंधार पडला तेव्हाच त्यांनी रायफल रिकामी केली.

वस्तीकडून टॉर्चचा उजेड येत होता, एका बाजूला हेलकावे खात. धुऱ्यापाशी येऊन तो थांबला.

"मामाजी! पडलं का पळालं?"

"पडलं, बाई. जागच्या जागी."

उजेड थोडा वेळ तिथेच राहिला. मग तिचा आवाज आला. "मंग ठीक."

सकाळी वनरक्षकाने पंचनामा केला. नर, एक, गोळी, एक, जखम खांद्यामागे. बांधीवर सगळं गाव जमलं होतं. गुरुजीही आले, डुकराभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं. बघू तरी ही तुमची चार पटीची कशी दिसते." त्यांनी हात पुढे केला.

मोठेबाबांनी बोल्ट उघडून रायफल मला धरायला दिली. अंगठ्याने दोन स्क्रू फिरवले, दुर्बीण काढली. नुसती काळी नळी, वीतभर. गुरुजींचा पुढे आलेला हात तसाच राहिला. मोठेबाबांनी ती वहिनीच्या हातात दिली.

तिने आधी ती उलटी धरली. लोक हसले. मोठेबाबांनी सरळ करून दिली. तिने एक डोळा मिटला आणि आपल्या बांध्यांवरून दुर्बीण हळूहळू फिरवली, खालच्या बांधीच्या या टोकापासून वरच्या बांधीच्या त्या टोकापर्यंत. नंतर परत.

"अर्धं गेलं, मामाजी," ती म्हणाली.

तिने दुर्बीण पुन्हा वरच्या बांधीवर नेली.

"अर्धं उभं आहे."

तिने दुर्बीण मोठेबाबांच्या हातात परत दिली, गुरुजींच्या नाही, आणि विळा आणायला घराकडे निघाली.